कार्ल फ्रिस्टन: मेंदूविज्ञानातली सर्वांत वजनदार लेखयादी आणि तिच्या आत काय आहे

शततारका

मागे इथल्याच एका धाग्यावर सध्याच्या काळातला सर्वांत मोठा मेंदूशास्त्रज्ञ कोण, यावर बरीच घमासान झाली आणि शेवटी कुणीतरी एच-इंडेक्सची यादी डकवून विषय मिटवला. यादीत पहिलं नाव होतं लंडनच्या कार्ल फ्रिस्टन यांचं. नावाबद्दल माझी तक्रार नाही. पण एवढा मोठा आकडा समोर आल्यावर तो नेमका कशाचा आहे हे कुणीच विचारलं नाही, याचं वाईट वाटलं. मी संख्याशास्त्र शिकवते. मेंदूच्या स्कॅनचं विश्लेषण करणाऱ्या मंडळींबरोबर बरीच वर्षं काम केलं आहे, आणि फ्रिस्टन यांची लेखयादी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. म्हणून हा वेगळा धागा.

आकडे आधी उरकते. फ्रिस्टन यांचा जन्म १९५९ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कचा. केंब्रिजला भौतिकशास्त्र आणि मानसशास्त्र, मग लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये वैद्यकी, आणि तिथून मानसोपचार. लेख हजाराच्या पुढे, सायटेशनं, म्हणजे इतरांच्या लेखांत झालेले उल्लेख, लाखांच्या घरात, एच-इंडेक्स दोनशेच्या वर. २०१६ मध्ये ॲलन इन्स्टिट्यूटच्या 'सिमँटिक स्कॉलर'ने प्रभावी मेंदूशास्त्रज्ञांची क्रमवारी लावली, तीतही हेच पहिले. ज्यांना एच-इंडेक्स माहीत नाही त्यांच्यासाठी: २००५ मध्ये जॉर्ज हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने हे माप सुचवलं. आपले लेख सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत जायचं. विसाव्या लेखाला निदान वीस सायटेशनं आहेत पण एकविसाव्याला एकवीस नाहीत, तर तुमचा एच-इंडेक्स वीस. म्हणजे दोनशे एच-इंडेक्स असलेल्या माणसाचे दोनशे लेख असे आहेत की त्यातल्या प्रत्येकाचा उल्लेख निदान दोनशे वेळा झालाय. बहुतेक प्राध्यापकांची निवृत्तीपर्यंत पन्नाशीही गाठून होत नाही.

आता यादीत वर काय आहे ते पाहू. पहिल्या काही लेखांत मेंदूबद्दलचा एखादा नवा शोध तुम्हाला सापडणार नाही. तिथे आहेत त्या पद्धती. आणि मला या माणसाबद्दल जो आदर आहे तो तिथेच आहे.

गोष्ट १९९० च्या आसपासची. फ्रिस्टन तेव्हा लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळातल्या सायक्लोट्रॉन युनिटमध्ये होते. पेट स्कॅन होते, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून मेंदूत रक्त कुठे जास्त वाहतंय हे बघायचं. चित्रं सुंदर यायची. पण एखादा भाग उजळलेला दिसतोय तो खरोखर उजळलाय की योगायोगाने, हे ठरवायची सर्वमान्य रीत नव्हती. बहुतेक जण आधी ठरवलेल्या जागांवर हाताने चौकटी आखायचे आणि त्यांची सरासरी काढायचे. चौकट कुठे आखायची हे ज्याचं त्याने ठरवायचं.

फ्रिस्टन आणि सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा मांडला. मेंदूच्या चित्राचे लाखभर इवलेसे घन तुकडे करा, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक व्हॉक्सेलला एकच साधा संख्याशास्त्रीय प्रश्न विचारा: बोटं हलवताना इथे फरक पडला का? उत्तरांचा नकाशा काढा. या नकाशाचं नाव स्टॅटिस्टिकल पॅरामेट्रिक मॅप, थोडक्यात एसपीएम. ऐकायला सोपं आहे, पण इथे एक सापळा आहे. लाख ठिकाणी पाच टक्क्यांच्या कसोटीने चाचणी घेतली, तर मेंदूत काहीही घडत नसताना पाच हजार व्हॉक्सेल निव्वळ योगायोगाने 'उजळतात'. बरं, लाखाने भागून कसोटी कडक करावी, तर ती इतकी कडक होते की खरं असलेलंही हातून निसटतं. कारण शेजारशेजारचे व्हॉक्सेल स्वतंत्र नसतात. लागून असलेल्या दोन गावांत पाऊस मोजला म्हणून दोन वेगळ्या साक्षी मिळाल्या असं होत नाही, तसंच हे. मग खऱ्या अर्थाने स्वतंत्र चाचण्या किती झाल्या? मॅकगिल विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ कीथ वर्सली यांनी यादृच्छिक क्षेत्रांचं गणित इथे आणलं. गुळगुळीत चढउतारांच्या पृष्ठभागावर ठरावीक उंचीच्या वरची शिखरं योगायोगाने किती निघतील, याचं ते गणित. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत संख्याशास्त्राने मेंदूविज्ञानाला दिलेली ही सर्वांत देखणी भेट आहे. वर्सली २००९ मध्ये गेले. त्यांचं नाव या क्षेत्राबाहेर फारसं कुणाला माहीत नाही.

१९९१ पासून फ्रिस्टन यांनी हे सगळं सॉफ्टवेअर बनवून फुकट वाटायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी आज वापरतात त्या पद्धतीच्या फंक्शनल एमआरआयचे, म्हणजे काम करत्या मेंदूतल्या रक्तप्रवाहाची चित्रं काढणाऱ्या एमआरआयचे, माणसावरचे पहिले निष्कर्ष छापून आले. टोचणं नाही, किरणोत्सार नाही, आणि एमआरआय यंत्रं तर इस्पितळांत होतीच. जगभर एकदम हजारो लोकांकडे तसा डेटा जमू लागला आणि त्याचं करायचं काय हे सांगणारं तयार साधन हजर होतं. ज्यांनी एसपीएम चालवलंय त्यांना तो पडदा पाठ असेल: डावीकडे वर तीन बाजूंनी दाखवलेला पारदर्शक मेंदू, त्यात करडे-काळे डाग, शेजारी उभ्या पट्ट्यांचा करडा तक्ता, आणि खाली आकड्यांची लांबलचक सारणी. या पडद्यावरून गेलेला प्रत्येक लेख 'पद्धती' या विभागात एक ओळ लिहितो की विश्लेषण एसपीएमने केलं, आणि पुढे फ्रिस्टन यांच्या लेखाचा उल्लेख. त्या लाखो सायटेशनांमधला फार मोठा वाटा या एका ओळीचा आहे.

एक उदाहरण देते. लंडनच्या टॅक्सीचालकांचा २००० सालचा एलेनॉर मॅग्वायर यांचा अभ्यास बऱ्याच जणांनी ऐकला असेल. सोळा चालक, पन्नास इतर माणसं, आणि चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या स्मृतीशी आणि वाटा लक्षात ठेवण्याशी संबंधित अवयवाचा, मागचा भाग मोठा निघाला. हे मोजलं कसं? ज्याला व्हॉक्सेल-आधारित मापन म्हणतात त्या पद्धतीने. तिच्यावरचा जॉन ॲशबर्नर आणि फ्रिस्टन यांचा लेखही २००० चाच, आणि ॲशबर्नर टॅक्सीचालकांच्या लेखात सहलेखक आहेत. शोध मॅग्वायर यांचा, फूटपट्टी शेजारच्या खोलीतली. शोध जगभर गाजला, आणि फूटपट्टी त्यानंतरच्या हजारो अभ्यासांत वापरली गेली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सायटेशनचा आकडा पाहिला की त्यातली काही सायटेशनं उघडून ते वाक्य वाचा. 'याने असं दाखवलं' असं लिहिलंय, 'याचं साधन वापरलं' असं लिहिलंय, की 'याच्याशी आम्ही असहमत आहोत' असं? फ्रिस्टन यांच्याच यादीत तिन्ही प्रकार भरपूर आहेत. २०१० साली त्यांनी मुक्त-ऊर्जा तत्त्वावर लेख लिहिला. मेंदू सतत अंदाज बांधतो आणि अंदाज चुकण्याचं प्रमाण कमी करत राहतो, असा त्याचा गाभा. तो लेख उद्धृत करणाऱ्यांत भारावलेले आहेत आणि 'हे तपासायचं कसं' म्हणून वैतागलेलेही आहेत. गूगल स्कॉलरच्या मोजणीत दोघांचीही किंमत एकच.

तुमची मतं, अनुभव लिहा.

रानवारा

वाचतोय. फार माहितीपूर्ण लिहिलंय. एक शंका: पद्धतीच्या लेखांना एवढी सायटेशनं मिळतात हे फक्त मेंदूविज्ञानात की सगळीकडे?

शततारका

@रानवारा, सगळीकडे. आजवर सर्वाधिक उद्धृत झालेला लेख १९५१ चा आहे, ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांचा. द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजायची रीत. तीन लाखांच्या वर सायटेशनं. खुद्द लॉरींनीच म्हटलं होतं की तो काही फार थोर लेख नव्हे. नियम साधा आहे: जे रोज हाताळलं जातं त्याचा उल्लेख रोज होतो.

मनोवेध

शततारकाताई, लेख आवडला. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, त्यामुळे तुम्ही एका वाक्यात उरकलेल्या भागावर थोडं थांबतो.

फ्रिस्टन यांनी ऑक्सफर्डला असताना दीर्घकाळ स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांबरोबर काम केलं होतं. १९९५ मध्ये ख्रिस फ्रिथ यांच्याबरोबर त्यांनी एक लेख लिहिला. स्किझोफ्रेनियात मेंदूचा एखादा ठरावीक भाग बिघडलेला नसून भागाभागांमधलं संधान बिघडलेलं असावं, असा विचार त्यात मांडला. आज आम्हा लोकांना हे ओळखीचं वाटतं, पण त्या काळी स्कॅनवर 'बिघडलेली जागा' शोधण्याकडे सगळ्यांचा कल होता. ज्या माणसाने जागा शोधायचं साधन जगाला दिलं, तोच म्हणत होता की या आजारात जागेपेक्षा जोडणी पाहा. पुढे २००३ मध्ये त्यांनी डायनॅमिक कॉझल मॉडेलिंग आणलं. एक भाग दुसऱ्यावर किती आणि कोणत्या दिशेने प्रभाव टाकतो याचा अंदाज त्यातून बांधता येतो. त्याची मुळं मला तरी वॉर्डातल्या त्या दिवसांत दिसतात.

आणि एक गोष्ट रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मुद्दाम सांगतो, कारण ओपीडीत हा प्रश्न वारंवार येतो. एवढे हजारो लेख झाले, तरी आजही फंक्शनल एमआरआय करून एका माणसाला स्किझोफ्रेनिया आहे की नाही हे सांगता येत नाही. निदान अजून बोलून, ऐकून, निरीक्षणानेच होतं. ते सगळे अभ्यास गटांच्या सरासरीवर आहेत. कुणी स्कॅनवरून निदान करून देतो म्हणाला तर पैसे घालवू नका. संशोधनाचा सायटेशनमधला प्रभाव आणि खाटेवरच्या रुग्णापर्यंत पोचलेला प्रभाव यात अजून फार अंतर आहे. ते अंतर कमी व्हावं असं मनापासून वाटतं, कारण समोर बसलेल्या आईवडिलांना 'अजून नाही' हे सांगणं सोपं नसतं.

कोकणकडा

चर्चा छान चाललीय, पण नाण्याची दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी. २०१६ मध्ये स्वीडनच्या आंदर्स एक्लुंड आणि सहकाऱ्यांचा लेख आला होता. एसपीएम, एफएसएल आणि एएफएनआय या तिन्ही लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये खोट्या निष्कर्षांचं प्रमाण पाच टक्के असायला हवं तिथे सत्तर टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, असं त्यात होतं. ४०,००० अभ्यास संशयास्पद, अशा बातम्या मी तेव्हा वाचल्या. त्याआधी २००९ चा मेलेल्या सॅमन माशाचा प्रयोगही होता. माशाला माणसांचे फोटो 'दाखवले' आणि त्याच्या मेंदूत हालचाल 'दिसली'. मग ही लाखो सायटेशनं म्हणजे लाखो लोकांनी एकच चूक पुन्हा पुन्हा केल्याची नोंद नाही का? इतकं सर्वत्र पसरलेलं साधन असेल तर त्यातला दोषही तितकाच सर्वत्र पसरतो.

शततारका

@कोकणकडा, तुमचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. बाकीच्याबद्दल तपशिलात लिहिते, कारण या बातम्यांनी फार गैरसमज पसरवले आणि अजूनही मुलं मला तेच विचारतात.

माशाचा प्रयोग एसपीएमविरुद्ध नव्हता. लाख चाचण्या घेऊन दुरुस्ती केली नाही तर काय होतं, हे दाखवायला तो केला होता. दुरुस्ती केल्यावर माशाच्या मेंदूतले ते ठिपके गेले. वर्सली आणि फ्रिस्टन यांनी जवळजवळ वीस वर्षं आधी जे बजावलं होतं त्याचंच ते प्रात्यक्षिक होतं. ज्यांनी ती दुरुस्ती वापरली नाही, दोष त्यांचा.

एक्लुंड यांचा लेख मात्र खरोखर गंभीर आहे आणि तो आदराने वाचायला हवा. त्यांनी निवांत पडून राहिलेल्या ४९९ निरोगी माणसांचे स्कॅन वापरले, त्यांचे कृत्रिम गट पाडले आणि गटांत फरक सापडतो का हे सुमारे तीस लाख विश्लेषणं करून पाहिलं. फरक असायचं कारणच नव्हतं. तरीही सापडत होता. कारण असं: व्हॉक्सेलमधलं साधर्म्य अंतराबरोबर एका ठरावीक वक्राप्रमाणे घटतं, असं गणितात गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात ते लांबपर्यंत रेंगाळतं. त्यामुळे उजळलेल्या व्हॉक्सेलचे मोठे पुंजके योगायोगानेही जास्त तयार होतात. पण हे पुंजक्यांवर आधारित चाचणीपुरतं, आणि तेही पुंजका ठरवण्याचा उंबरठा सैल, म्हणजे ०.०१ ठेवला तर फार. ०.००१ ठेवला तर प्रमाण बरंच खाली येतं. एकेका व्हॉक्सेलच्या शिखरावर आधारित चाचणी सुरक्षितच निघाली. एएफएनआयमध्ये एक वेगळा दोष पंधरा वर्षं तसाच राहून गेला होता, तोही यातून उघड झाला.

आणि त्या ४०,००० चं काय झालं? लेखकांनी स्वतःच ते वाक्य नंतर दुरुस्त केलं. सहलेखक टॉम निकोल्स यांनी जाहीरपणे हिशोब मांडला की खरोखर बाधित असतील असे अभ्यास ३,५०० च्या आसपास असावेत. बातमी मात्र ४०,००० चीच फिरत राहिली. फ्रिस्टन आणि गियोम फ्लँडिन यांनी उत्तरादाखल लेख लिहिले, एसपीएमच्या मूळ शिफारशीप्रमाणे वापरलं तर प्रमाण ताब्यात राहतं हे दाखवायला.

यात मला भावलेली गोष्ट वेगळी आहे. एक्लुंड हे सगळं करू शकले, कारण सॉफ्टवेअर उघडं होतं आणि ४९९ माणसांचे स्कॅन इतर संशोधकांनी सगळ्यांसाठी खुले ठेवले होते. आणि एक्लुंड यांचा टीकालेख फ्रिस्टन यांच्या लेखांचा उल्लेख करतोच. म्हणजे त्यांच्या सायटेशनमध्ये त्यानेही भरच पडली.

कोकणकडा

ताई, सविस्तर उत्तराबद्दल आभार. ३,५०० ची गोष्ट माहीत नव्हती. तरी ३,५०० सुद्धा कमी नाहीत, हे नोंदवतो.

शततारका

अजिबात कमी नाहीत. सहमत.

निळावंती

मी मुंबईत विकासजीवशास्त्रात पीएचडी केली, उंदरांच्या गर्भावर. वरची चर्चा वाचताना एक गोष्ट सारखी मनात येतेय ती लिहिते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) शुभा टोळे यांचं काम इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. २०१० चा भटनागर पुरस्कार, २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार. त्यांच्या प्रयोगशाळेचा २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला लेख आहे, पहिल्या लेखिका विशाखा मंगळे. गर्भातल्या मेंदूत एलएचएक्स-टू नावाचं एक जनुक असतं. त्यांनी असे उंदीर घेतले की ज्यांच्या मेंदूच्या सालीत (कॉर्टेक्समध्ये) काही ठिपक्यांपुरतंच हे जनुक नाही, बाकी सगळीकडे आहे. ज्या जागी जनुक नव्हतं, त्या पेशींनी साल व्हायचं सोडलं आणि त्या 'हेम' नावाच्या कडेच्या ऊतीसारख्या झाल्या. आणि तो हेम आपल्या शेजारच्या निरोगी पेशींना हिप्पोकॅम्पस व्हायला लावू लागला. एकाच मेंदूत भलत्या जागी हिप्पोकॅम्पसच्या एकापेक्षा जास्त प्रती! हेम हा हिप्पोकॅम्पसचा संयोजक असतो, हा बराच काळ तर्क होता. तो तिथे डोळ्यांना दिसला. ती छायाचित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते.

आता हा लेख आणि एसपीएमचा लेख सायटेशनच्या एकाच तराजूत कसे घालणार? उंदराच्या गर्भावर काम करणारे जगात किती आणि एमआरआय वापरणारे किती! शिवाय आमच्याकडे एका लेखामागे जनुकबदल केलेल्या उंदरांची पैदास, संकर, ठरलेल्या दिवशी गर्भ काढणं, काप, रंगवणं यात वर्षं जातात. वर्षाला पन्नास लेख निघूच शकत नाहीत. सायटेशनचा आकडा शास्त्रज्ञाबद्दल सांगतो त्याहून जास्त त्याच्या शेजारपाजाऱ्यांच्या संख्येबद्दल सांगतो. फ्रिस्टन यांना कमी लेखायचं नाही, पण तुलना करायची तर त्याच क्षेत्रातल्या, त्याच वयाच्या माणसांशी करा.

चाफा

+१ निळावंती. टोळे यांच्या कामावर वेगळा धागा काढाच, वाट बघते.

हिरवा_खडू

माझा अनुभव या उंचीवरचा नाही, पण विषयाला धरून आहे. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. २०१० च्या यूजीसी नियमावलीत एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण आले आणि बढतीसाठी लेख मोजायला सुरुवात झाली. नंतरची काही वर्षं आम्ही काय पाहिलं ते सांगवत नाही. दर आठवड्याला मेल यायचे, चार दिवसांत लेख छापून देतो, एवढे पैसे भरा. नावात 'इंटरनॅशनल' हमखास. ज्यांना शिकवण्यातून वेळच मिळत नाही, प्रयोगशाळेत साधं चांगलं सूक्ष्मदर्शक नाही, त्यांच्याकडून लेख मागितले की दुसरं काय होणार? छाननीच्या दिवशी फाइली तपासणारे फक्त संख्या बघायचे. लेख उघडून वाचणारा मी एकही पाहिला नाही.

पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये यूजीसीच्या मान्य यादीची चिकित्सा केली होती. विद्यापीठांनी सुचवलेल्या, कोणत्याही प्रतिष्ठित सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट असावीत, असं त्यात निघालं. त्यानंतर यूजीसीची मान्य नियतकालिकांची नवी केअर यादी आली. २०२५ मध्ये तीही बंद झाली. पीएचडीआधी लेख छापण्याची सक्ती २०२२ मध्ये गेली, ते मात्र फार चांगलं झालं. माझ्या दोन विद्यार्थिनींनी त्यामुळे घाईघाईने काहीतरी छापण्याऐवजी पावसाळ्यातल्या बेडकांच्या नोंदी आणखी एक हंगाम घेतल्या आणि प्रबंध कितीतरी चांगला झाला.

फ्रिस्टन यांच्या हजार लेखांबद्दल वाचताना मला म्हणून दडपण येत नाही. राग येतो तो त्यांच्यासारख्यांच्या आकड्यावरून सगळ्यांसाठी एकच मोजपट्टी कापणाऱ्यांचा.

उत्तररात्र

सायटेशन म्हणजे सत्य नव्हे, याचं मेंदूविज्ञानातलं सर्वांत दुःखद उदाहरण या धाग्यावर यायला हवं. २००६ मध्ये 'नेचर'मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या गटाचा लेख आला, अल्झायमरमध्ये स्मृती बिघडवणारा ॲमिलॉइड या प्रथिनाचा एक खास प्रकार सापडल्याचा. सुमारे २,५०० वेळा उद्धृत झाला. २०२२ मध्ये व्हँडरबिल्टच्या मॅथ्यू श्रॅग यांनी त्यातल्या प्रथिनांच्या पट्ट्यांच्या चित्रांत फेरफार झाल्याची चिन्हं दाखवून दिली, आणि जून २०२४ मध्ये लेख मागे घेतला गेला. मधली अठरा वर्षं तो इतर लेखांच्या पायात होता.

माझ्या आजीला अल्झायमर होता. त्या काळात मी या विषयावर जे मिळेल ते वाचायचो, त्यात या लेखाचा उल्लेख कित्येकदा आला असेल. तेव्हा वाटायचं, इतके लोक म्हणताहेत म्हणजे पक्कंच असणार. त्या २,५०० जणांपैकी किती जणांनी तो प्रयोग स्वतः करून पाहिला होता? काही प्रयोगशाळांना तो पदार्थ सापडत नव्हता, पण 'आम्हाला सापडलं नाही' हे छापायला जागा मिळणं कठीण.

मनोवेध

@उत्तररात्र, महत्त्वाचं लिहिलंत. फक्त एक भर: ॲमिलॉइडचा सगळा सिद्धान्त त्या एका लेखावर उभा नव्हता. त्याला आनुवंशिक पुरावा स्वतंत्र आहे. ज्या कुटुंबांत अल्झायमर तरुण वयात येतो त्यांच्यात ॲमिलॉइडशी थेट संबंधित जनुकांत बदल सापडतात. बातम्यांत 'सगळंच खोटं होतं' असा सूर होता, तो बरोबर नाही.

जुनीवही

मला इथे स्पेनचे शरीररचनाशास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल आठवतात. १८८८ साली बार्सिलोनात होते. पक्ष्यांच्या मेंदूचे काप गोल्जीच्या चांदीच्या रंगाने रंगवून, चेतापेशी एकमेकींपासून सुट्या असतात हे त्यांना दिसलं. छापायचं कुठे? स्पॅनिशमध्ये लिहिणाऱ्याला युरोपात कोण विचारतो! म्हणून स्वतःचं त्रैमासिक काढलं, खिशातून खर्च करून ६० प्रती छापल्या आणि बहुतेक परदेशी शास्त्रज्ञांना पाठवून दिल्या. उपयोग विशेष झाला नाही. मग १८८९ मध्ये आपले काप घेऊन ते बर्लिनला शरीररचनाशास्त्रज्ञांच्या सभेत गेले. तिथे कोलिकर यांच्यासारख्या दिग्गजाला सूक्ष्मदर्शकापाशी बसवून पेशी दाखवल्या. कोलिकर यांना पटलं आणि मग युरोपला पटलं. १९०६ चं नोबेल त्यांना गोल्जी यांच्याबरोबर विभागून मिळालं.

६० प्रतींच्या नियतकालिकातला लेख आजच्या छाननी समितीपुढे ठेवला असता तर हिरवा_खडू यांच्या फाइलीसारखीच गत झाली असती. त्या वेळी निर्णय झाला तो एका जाणत्या माणसाने डोळा लावून पाहिलं म्हणून.

रानवारा

जुनीवही, हे भारी आहे.

एक व्यावहारिक प्रश्न विचारू का? माझी पुतणी मेंदूविज्ञानात पीएचडीसाठी परदेशी अर्ज करतेय. तिने मार्गदर्शकांचे एच-इंडेक्स एका तक्त्यात उतरवलेत आणि वरून खाली मेल पाठवायला घेतलेत. हा धागा तिला पाठवलाच आहे. पण मग तिने बघायचं तरी काय?

शततारका

@रानवारा, तक्ता फेकून देऊ नको म्हणावं, पण क्रम बदलायला हरकत नाही. प्रत्येकाची गेल्या पाच वर्षांतली यादी उघडायची आणि त्यातले दोन लेख खरोखर वाचायचे. वाचताना कंटाळा आला तर त्या विषयात पाच वर्षं निघणार नाहीत. पद्धतीत गोडी असेल तर बघायचं की त्या गटाचा कोड आणि डेटा खुला आहे का. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला. एकच एमआरआय डेटा ७० गटांना दिला आणि नऊ गृहीतकं तपासायला सांगितली. प्रत्येकाचा विश्लेषणाचा रस्ता वेगळा निघाला आणि काही गृहीतकांवर उत्तरंही वेगळी आली. कोड उघडा नसेल तर तो रस्ता बाहेरच्याला कळतच नाही. जिथे तो उघडा ठेवायची सवय आहे तिथे ती नीट शिकेल.

निळावंती

ताईंच्या उत्तरात माझी भर, मी स्वतः हे करून बघितलं होतं म्हणून. मार्गदर्शकाचं नाव यादीत शेवटी असतं, ते सोडून पहिलं नाव कुणाचं आहे ते बघायला सांगा. ती मुलं आज कुठे आहेत ते शोधा. स्वतःची प्रयोगशाळा चालवताहेत, उद्योगात आहेत, की विषयच सोडून गेलेत? एकच पहिला लेखक वर्षानुवर्षं येतोय आणि बाकीच्यांची नावं मधेच कुठेतरी अडकलीत, तर थांबून विचार करायचा. आणि त्यांच्यातल्या दोघातिघांना सरळ मेल टाकायची. 'तुमचा मार्गदर्शक लेखाचा कच्चा मसुदा किती दिवसांत वाचून परत देतो?' एवढा एक प्रश्न पुरतो. माझ्या मेलला जवळजवळ सगळ्यांनी उत्तर दिलं होतं, आणि एकीने तर फोन करून तासभर बोलून सांगितलं. पुतणीला माझा आयडी द्या, इथे व्यक्तिगत निरोप करू दे. मी बोलेन तिच्याशी.